आधी आकडा फोडून बघ

नौपाडा, ठाणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. संरक्षणावरचा खर्च कमी करून तो पैसा शाळा-दवाखान्यांना द्यावा, हे तू तळमळीने मांडलं आहेस आणि ती तळमळ मला मोलाची वाटते. पण पहिल्याच परिच्छेदात लिहिलंस की देश आपल्या उत्पन्नातले १३ टक्के सैन्यावर खर्च करतो. तिथे मी थांबलो. माझी सारी नोकरी संरक्षण लेखा विभागात बिलं तपासण्यात गेली, म्हणून या एका आकड्यावर जरा सविस्तर लिहितो.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये मिळाले. केंद्राच्या ५०.६५ लाख कोटींच्या एकूण खर्चाशी ताडून पाहिलं तर ते १३.४५ टक्के होतात. देशाच्या सकल उत्पन्नाशी ताडलं तर जेमतेम १.९ टक्के. आणि अर्थसंकल्पासोबत ‘रुपया जातो कुठे’ हे जे चित्र छापतात, त्यात त्या वर्षी संरक्षणाच्या वाट्याला दिसले ८ पैसे. तिन्ही आकडे सरकारी आकडेवारीतूनच निघतात आणि तिन्ही खरे आहेत. ८ पैशांच्या हिशोबात निवृत्तिवेतन वेगळं काढलेलं असतं, आणि तो रुपया राज्यांना जाणारा करांचा वाटाही धरून मोजलेला असतो. टक्केवारी लिहिलीस की ती कशाची, हे त्याच वाक्यात लिही.

आता ते ६.८१ लाख कोटी फोडू. अर्थसंकल्पात मंत्रालयाच्या चार मागण्या असतात, क्रमांक १९ ते २२. मंत्रालयाचा नागरी खर्च सर्वांत लहान, साधारण २८,७०० कोटी. महसुली खर्च, म्हणजे पगार, शिधा, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती, ३ लाख ११ हजार कोटींच्या वर. निवृत्तिवेतन १ लाख ६० हजार कोटींच्या वर. ते ३४ लाखांहून अधिक लोकांना जातं. उरले भांडवली १ लाख ८० हजार कोटी. विमानं, जहाजं, तोफा यातूनच येतात, आणि त्यातलाही मोठा भाग आधीच्या वर्षांत केलेल्या करारांचे हप्ते चुकवण्यात जातो. ‘सैन्यावर एवढा खर्च’ म्हटलं की डोळ्यांसमोर रणगाडे येतात, पण रुपयातले चार आणे काय ते खरेदीला उरतात. निवृत्तिवेतनाला मात्र ‘बोजा’ म्हणू नकोस. सियाचेनला उभं राहिलेल्या माणसाशी देशाने केलेला तो करार आहे.

आणखी एक गोष्ट निबंधात कुठेच आली नाही. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चासाठी १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आले. तरतूद करूनही पैसा वापरला गेला नाही. तेजस मार्क १ए हे देशी लढाऊ विमान घे. ८३ विमानांचा सुमारे ४८,००० कोटींचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, मार्च २०२४ पासून विमानं यायची होती, आणि ती अडली अमेरिकेहून येणाऱ्या इंजिनांपायी. करार होता, तरतूद होती, इंजिन नव्हतं. अशा ठिकाणी आणखी दहा हजार कोटी ओतून काय होणार?

म्हणून मला संशोधनाची रक्कम जास्त खुपते. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेला २०२५-२६ साठी २६,८१६ कोटी, म्हणजे एकूण संरक्षण तरतुदीच्या सुमारे ४ टक्के. आपल्या अंबरनाथलाच नौदलासाठी काम करणारी त्यांची प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून फ्युएल सेलवर चालणारी यंत्रणा तिथे तयार झाली, २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणीही यशस्वी झाली. असं काम वर्षानुवर्षं पैसा आणि माणसं टिकवून ठेवूनच होतं. एकूण खर्च वाढवा की कमी करा या वादापेक्षा यावर तू दोन परिच्छेद लिहावेस असं मला मनापासून वाटतं.

शाळा-दवाखान्यांच्या तुलनेत तू केंद्राची आरोग्याची तरतूद संरक्षणासमोर ठेवलीस. ती जोडी जमत नाही. संरक्षण पूर्णपणे केंद्राकडे, तर सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत. ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय राज्याचं, कळव्याचं महापालिकेचं, तुमचं वाशीचंही महापालिकेचं. तिथे खाटा कमी पडत असतील तर जाब विचारायची पहिली जागा दिल्ली नाही. केंद्र, राज्य, महापालिका तिघांचाही आरोग्यखर्च एकत्र करून बघ. तो तरीही अपुराच आहे आणि तुझा राग तिथे रास्त आहे. पण तो लष्कराच्या अंगावर काढू नकोस.

लष्करी खर्चावर टीका करायची असेल तर गोपाळ कृष्ण गोखल्यांकडून शीक. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आणि १९०२ पासून विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी बाब न् बाब तपासली. साम्राज्याच्या गरजेपायी सैन्यावर होणारा खर्च हिंदुस्थानच्या रयतेच्या माथी का, मिठावर कर असताना तिजोरीत शिल्लक राहते ती कोणाच्या पोटाला चिमटा काढून, असे त्यांचे प्रश्न असत. आकडे पाठ, म्हणून सरकारला उत्तर द्यावं लागे. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

चीनशी तुलना ठेवायचीच तर टक्केवारीने करू नकोस. सिप्री या स्वीडिश संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये चीनने ३१४ अब्ज डॉलर खर्च केले, भारताने ८६. उत्पन्नाच्या टक्केवारीत चीनच खाली दिसतो, कारण त्याचं उत्पन्न प्रचंड आहे. ‘टक्का वाढवा’ म्हणणाऱ्यांना आणि ‘टक्का घटवा’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे आकडे दाखव.

तर पहिला परिच्छेद काढून टाक, दवाखान्यांचा ठेव पण राज्याच्या आकड्यांसह नव्याने लिही. भांडवली खर्चाच्या मागणीचे, म्हणजे क्रमांक २१ चे, गेल्या पाच वर्षांचे तीन रकाने कर: मूळ तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. कागद अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. रविवारी ऐरोलीहून ये तेव्हा तो तक्ता घेऊन ये. तेजसच्या रखडण्याशी काय जुळतं ते बसून पाहू.

तुझा,
काका