विमान कंपन्या एकत्र झाल्या की वैमानिकांना पुन्हा शिकावं लागतं का?

विमान उडवायला नाही. कॉकपिटमधली शिस्त मात्र नव्याने अंगवळणी पाडावी लागते. एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायची पात्रता, वैमानिकाच्या परवान्यावर असतं, मालक बदलला म्हणून ते जात नाही. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा ए३२० दोन्हीकडे होतीच.

बदलू शकते ती एसओपी, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेली कामाची पद्धत: कोणता कॉलआउट (मोठ्याने म्हणायचा ठरलेला शब्द) कोणी द्यायचा, चेकलिस्ट कधी मागायची, ब्रीफिंगमध्ये काय बोलायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकजण विमान उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो. ठरलेला शब्द ठरलेल्या क्षणी आला नाही तर दुसऱ्याला काहीतरी चुकतंय हे कळणार कसं? शिवाय ताण आला की जुनीच सवय आधी तोंडात येते. म्हणून नुसतं परिपत्रक वाचून भागत नाही, सिम्युलेटरमध्ये घोटून घ्यावं लागतं.

खारघरला राहणारा माझा मेहुणा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. त्याच्या मते चेकलिस्ट बसते हो अंगात, खरी धुसफूस सीनियॉरिटीच्या यादीवरून होते. कमांड, म्हणजे कॅप्टनपद, आधी कोणाला, हा प्रश्न कुठल्याच सिम्युलेटरमध्ये सुटत नाही!