मेंदूचा पेट स्कॅन बरोबर आहे की नाही, हे कसं तपासतात?

वडिलांचे दोन पेट स्कॅन दोन वेगळ्या सेंटरमध्ये झाले, चित्रं जुळत नाहीत, मग कोणतं मशीन खरं, असं तुम्ही विचारलंय. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, ही तपासणी माझ्याच कामात येते.

पेट स्कॅनमध्ये इंजेक्शननं किरणोत्सारी औषध देतात आणि ते मेंदूत कुठे किती जमलं याचं चित्र मशीन काढतं. पण जिवंत मेंदूत कुठे किती औषध पोचलं, हे खात्रीनं सांगायला दुसरं मोजमाप नसतं. म्हणून ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नकली मेंदू स्कॅन करतात. त्याला फँटम म्हणतात. मेंदूसाठी सर्वांत परिचित तो हॉफमन फँटम. प्लास्टिकच्या डब्यात मेंदूच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या चकत्या, आणि त्यांत फ्लोरिन-18 हे किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं पाणी. पाणी सगळीकडे एकच, पण मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाच्या जागी प्लास्टिकच्या पातळ थरांनी जागा अडवलेली असते. त्यामुळे करड्या भागात, म्हणजे मुख्यतः मेंदूच्या बाहेरच्या सालीत, पांढऱ्याच्या चौपट किरणोत्सार भरतो, मेंदूतल्या पोकळ्यांच्या जागी शून्य. ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

मशीन मात्र चारास एक असं दाखवत नाही, कमीच दाखवतं. मेंदूची साल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड आणि बहुतेक मशीनना चार ते सहा मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही, म्हणून शेजारचे भाग एकमेकांत मिसळतात. किती मिसळतात, हे मशीनगणिक बदलतं. तुमच्या दोन चित्रांतला फरक यातूनही आलेला असू शकतो. अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमर अभ्यासात निरनिराळी मशीन होती. तिथे प्रत्येकावर हाच फँटम स्कॅन करून सगळी चित्रं 8 मिलिमीटरच्या समान धूसरपणावर आणली, तेव्हा कुठे ती तुलनेला आली.

फँटम भरणं हे चिकाटीचं काम आहे. हवेचा एक बुडबुडा अडकला की तिथे आजार असल्यासारखा काळा डाग दिसतो. एकदा आमचं मशीन सहा टक्के जास्त दाखवत होतं. दिवसभर शोधल्यावर कळलं, डोस मोजायच्या खोलीतलं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे तेवढ्यानंही हिशेब बिघडतो.

फँटम हलत नाही, वडिलांचं डोकं हलू शकतं. ते यात तपासलं जात नाही. पुढचा स्कॅन शक्यतो आधीच्याच एखाद्या मशीनवर करा, दोन्ही जुन्या सीडी सोबत न्या, आणि इंजेक्शननंतर किती वेळानं स्कॅन झाला होता तेही डॉक्टरांना दाखवा.