एकाच सोर्समधून सी++, पायथन, रुबी, जावाची पॅकेजं निघणारी लायब्ररी डेबियनमध्ये नव्या आवृत्तीवर कशी न्यायची?

डेबियन या लिनक्स वितरणात हे कसं करतात ते प्रोटोबफचं (डेटा साठवण्या-पाठवण्यासाठी गूगलने बनवलेली लायब्ररी) उदाहरण धरून सांगतो. नव्या सोर्सचा टारबॉल आणणं (यूस्कॅन, मग जीबीपी इम्पोर्ट-ओरिग या कमांडनी) आणि पॅचेस नव्याने बसवणं हे किरकोळ काम आहे. वेळ जातो तो या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या पॅकेजांत. म्हणून आधी बिल्ड-आरडेप्स ही कमांड चालवून त्यांची यादी काढा. यादी बघून कदाचित अपडेट दोन महिने पुढे ढकलावंसं वाटेल, आणि तेही चुकीचं नाही.

अपस्ट्रीमच्या (मूळ प्रकल्पाच्या) आवृत्तीच्या आकड्यांवर विसंबू नका. 2022 मध्ये आलेल्या 21.0 पासून प्रत्येक भाषेचा पहिला आकडा वेगळा धावतो: त्या वेळी सी++ आणि जावा 3.21 वर होते, पायथन 4.21 वर. डेबियनमध्ये मात्र चेंजलॉग एकच, आणि सगळ्या पॅकेजांना आकडा त्यावरूनच मिळतो. त्यामुळे बुकवर्ममध्ये (डेबियन 12) पायथनच्या पॅकेजवर 3.21.12 लिहिलेलं दिसतं, आत मॉड्यूल स्वतःला 4.21.12 म्हणवतं. कुणी कंट्रोल फाइलमध्ये हाताने ‘4.21 किंवा पुढची’ अशी अट घातली, तर ती तिथे पुरी होणार नाही.

निर्णय करायचा तो एसओनेमवरून (लायब्ररीच्या फाइलमध्ये लिहिलेलं नाव, ज्यावरून प्रोग्रॅम तिला शोधतात). नवी लायब्ररी बांधून ऑब्जडम्पने तो बघा. बदलला असेल तर रनटाइम पॅकेजचं नाव बदलावंच लागतं. 2024 च्या टी64 बदलात (32-बिट मशीनवर वेळ 64 बिटांत ठेवण्यासाठी केलेला) नावाला जे शेपूट लागलं (लिबप्रोटोबफ32टी64), तेही त्याच वेळी काढून टाका. एसओनेम तोच राहिला तरी निर्धास्त होऊ नका, जुन्या-नव्यावर ॲबीडिफ चालवा; ते दोघांचा एबीआय (बांधलेल्या कोडमधला परस्परांचा करार) ताडून बघतं. क्लासमध्ये एखादं फील्ड वाढलं तर सिम्बॉलची यादी जशीच्या तशी राहते, पण ऑब्जेक्टचा आकार बदलतो आणि जुना प्रोग्रॅम भलत्याच जागी लिहितो. 22 पासून आणखी एक कटकट: बिल्डचं जुनं साधन ऑटोटूल्स गेलं, सीमेक आलं आणि एसओनेममध्ये पूर्ण आवृत्ती येऊ लागली. म्हणजे किरकोळ दुरुस्तीच्या आवृत्तीलाही नवं नाव. शिवाय ॲबसिल (गूगलची आणखी एक सी++ लायब्ररी) सक्तीचं झालं. त्याचा एबीआय बदलला की तुम्हालाही पुन्हा बांधणं आलं.

बाइंडिंग्जमध्ये (पायथन, रुबीसारख्या भाषांसाठीच्या जोडण्यांत) गंमत अशी की बिल्ड हिरवं दिसतं आणि पॅकेज बिघडलेलं असतं. पायथनचं सी++ एक्स्टेन्शन बांधलं गेलं नाही, तरी इम्पोर्ट बिनतक्रार होतं, कारण शुद्ध पायथनची पर्यायी वाट असते. फक्त सगळं संथ चालतं. म्हणून ऑटोपीकेजीटेस्टमध्ये (डेबियनच्या स्वयंचलित चाचणीत) इन्स्टॉल केलेल्या पॅकेजवर एपीआय_इम्प्लिमेंटेशनचं टाइप() छापून बघा. ‘पायथन’ असं उत्तर आलं तर टेस्ट पाडा. बिल्ड-डिपेंड्समध्ये पायथन3-ऑल-डेव्ह हवं. नुसतं पायथन3-डेव्ह असलं तर फक्त डिफॉल्ट आवृत्तीसाठी एक्स्टेन्शन बनतं आणि पायथन बदलायच्या वेळी तुमचं पॅकेज आडवं येतं. रुबीलाही हाच नियम. जावाचं पॅकेज ‘आर्किटेक्चर: ऑल’ (सगळ्या प्रोसेसरांना एकच) आहे, तेव्हा त्याची साधनं बिल्ड-डिपेंड्स-इंडेपमध्ये ठेवा, आणि डीपीकेजी-बिल्डपॅकेज एकदा मोठ्या ए ने (फक्त ‘ऑल’ पॅकेजं), एकदा मोठ्या बी ने (फक्त बाकीची), असं वेगवेगळं चालवून बघा. बिल्ड सर्व्हर तसंच बांधतात. रूल्स फाइलमध्ये जावाची पायरी अटीशिवाय लिहिलेली असेल तर ते तिथे उघडं पडतं.

आता अवलंबून असलेली पॅकेजं. बहुतेकांना नुसतं पुन्हा बांधणं पुरतं. अडतात ती दोन प्रकारची. पहिला प्रकार: ज्यांच्या टारबॉलमध्ये प्रोटोसीने (प्रोटोबफच्या कंपायलरने) आधीच तयार केलेल्या .पीबी.सीसी आणि .पीबी.एच फायली असतात. हेडरच्या सुरुवातीलाच आवृत्तीची तपासणी असते, न जुळल्यास कंपायलर #एरर देऊन थांबतो. तिथे हेडरला पॅच मारू नका. त्या फायली क्लीन टार्गेटमध्ये उडवा आणि बिल्डच्या वेळी प्रोटोसीकडून नव्याने काढा. पायथनमध्ये हेच दुखणं उशिरा, चालवताना दिसतं: 3.19 च्या आधीच्या प्रोटोसीने काढलेली _पीबी2 फाइल 4.21 वर ‘डिस्क्रिप्टर्स कॅनॉट बी क्रिएटेड डायरेक्टली’ म्हणत पडते. दुसरा प्रकार: दोन लायब्ररींमार्फत एकाच प्रोसेसमध्ये जुनं आणि नवं प्रोटोबफ, दोन्ही लोड होणं. इन्स्टॉल दोन्ही शेजारी शेजारी होतात, पण प्रोसेसमध्ये सिम्बॉल एकमेकांत गुंततात आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच कोसळतो. म्हणून पुनर्बांधणी पातळीनुसार करायची: आधी मधल्या लायब्ररी, मग त्यांच्यावरचे प्रोग्रॅम.

अपलोड आधी एक्सपेरिमेंटलमध्ये (डेबियनच्या प्रयोगांसाठीच्या शाखेत) करा. नवं बायनरी नाव असल्याने ते न्यू रांगेत जाईल, तिथे माणूस तपासतो, घाई चालत नाही. त्या अपलोडला बायनरी जोडाव्याच लागतात. रांगेत असताना एक्सपेरिमेंटलच्या सीएचरूटमध्ये (बिल्डसाठी वेगळ्या ठेवलेल्या सिस्टिममध्ये) सगळ्या यादीचं बिल्ड उरका आणि जे पडेल त्यावर पॅचसकट बग नोंदवा. मग रिलीज टीमकडे ट्रान्झिशनचा (सगळ्या पॅकेजांना नव्या लायब्ररीवर नेण्याचा) बग टाका. त्यांचा होकार आल्यावरच अनस्टेबलमध्ये अपलोड, आणि ते सोर्स-ओन्ली (बायनरीशिवाय), नाहीतर पॅकेज टेस्टिंग शाखेत जाणार नाही.