शहाबादी उखडू नका, आधी लिंबाचा थेंब टाकून बघा

जुन्या घरातली शहाबादी फरशी अ‍ॅसिडने धुतल्यावर पांढुरकी, खरखरीत झाली, आता ती काढून टाइल्स बसवाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. नका काढू. मीही पहिल्या भाड्याच्या घरात मोरीचा कडप्पा असाच जाळून ठेवला होता. घरमालकीणबाईंनी वर्षभर ऐकवलं.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कलबुर्गीकडे, भीमेच्या खोऱ्यात, एके काळच्या समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर साचून तो झाला. खाणीतून त्याच्या सपाट लाद्या निघतात त्या या थरांमुळेच. त्याच पट्ट्यात वाडीला सिमेंटचे कारखाने उभे आहेत, कारण सिमेंटलाही हीच चुनखडी लागते. तिच्यावर आम्ल पडलं की फसफसतं आणि दगडाचा वरचा थर विरघळून जातो. तेव्हा तुम्हाला दिसतोय तो डाग नाही, झीज आहे. कितीही घासलं तरी ती जाणार नाही.

कडप्पा, कोटा आणि मकराण्याचा संगमरवर ही सगळी चुन्याचीच भावंडं. संगमरवर म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेली चुनखडीच. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाटा-वरवंटा त्याचाच, म्हणून चिंचेची चटणी वाटून त्याला काही होत नाही. ग्रॅनाइटही लिंबाला दाद देत नाही. कुठला दगड आहे कळत नसेल तर दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसल्यावर चकाकी गेलेली दिसली, तर त्या दगडापासून व्हिनेगर, लिंबू आणि संडास साफ करायचं द्रव लांबच ठेवा.

आता तुमच्या फरशीचं. आधी नुसत्या पाण्याने दोनतीनदा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग हात फिरवून बघा. पांढरी भुकटी हाताला लागत असेल आणि पुसूनही चार दिवसांत परत येत असेल, तर तो लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले खार. खालची ओल वर चढतेय, तिचा बंदोबस्त आधी करा. ओल असताना वरून सीलर (दगडावरचा संरक्षक लेप) मारलात तर पापुद्रे सुटतील. भुकटी नसेल, फक्त खरखरीत असेल, तर मशीन पॉलिश करून घ्या, घासायच्या जाड्या दगडापासून बारीक दगडापर्यंत. सांधे आधी भरून घ्या. आरशासारखी चकाकी मागू नका, शहाबादीला ती शोभतही नाही. रोज पुसायला साधं पाणी, आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, बास.

तेलाच्या डागावर खायचा सोडा पाण्यात कालवून लेप द्या, वर प्लास्टिक घाला, दुसऱ्या दिवशी ते काढा आणि लेप वाळला की खरवडा. हळदीवर मात्र सोडा अजिबात नको. कुंकू कसं होतं आठवा: हळद चुन्यासारख्या क्षाराने लाल होते, आणि सोडाही क्षारच. तो डाग ओल्या फडक्याने पुसून उन्हावर सोडावा, ऊन हळद उडवतं.

पॉलिशवाल्याला मात्र आधी कोपऱ्यातली एक लादी करून दाखवायला सांगा, आणि ती वाळल्यावरच बाकीच्या कामाचा भाव ठरवा. ओली असताना सगळीच छान दिसते.