वाचकांचे प्रश्न : अमेरिकी शाळेतला ऑनर्स इतिहास

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत अकरावीत आहे. तिने 'यूएस हिस्ट्री 2' ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचा वर्ग) घेतलंय. सनावळ्या आणि कायदे तोंडपाठ आहेत, बहुपर्यायी चाचणीत उत्तम गुण मिळतात. निबंधात मात्र दर वेळी बी-मायनस. शेरा एकच : 'वर्णन आहे, युक्तिवाद नाही.' घरी काय करून घ्यावं?

उत्तर : निबंधाला गुण मिळतात ते दाव्याचे आणि त्याला जोडलेल्या पुराव्याचे. न्यू डीलचंच, म्हणजे महामंदीशी लढायला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आखलेल्या योजनांचंच घेऊ. 'न्यू डीलने केंद्र सरकारची भूमिका कितपत बदलली?' या प्रश्नावर पुष्कळ मुलं 'न्यू डीलमुळे अमेरिकेत अनेक महत्त्वाचे बदल झाले' असं सुरुवातीचं वाक्य लिहितात. हे कोणी नाकारणारच नाही, त्यामुळे ते थीसिस (निबंधाचा मुख्य दावा) ठरत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा : 'न्यू डीलला महामंदी संपवता आली नाही, तरी वृद्धापकाळ आणि बेकारी यांची जबाबदारी तिने केंद्र सरकारवर कायमची टाकली, पण शेतमजूर आणि घरकामगार वगळल्यामुळे दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार त्या संरक्षणाबाहेर राहिले.' आता वाक्याचा प्रत्येक तुकडा पुरावा मागतो, आणि केलेलं पाठांतर इथे उपयोगी पडतं : 1933 मधली सुमारे 25 टक्के बेकारी, 1937-38 मध्ये पुन्हा झालेली घसरण, ऑगस्ट 1935 चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि त्यातली वगळणारी कलमं.

घरी पूर्ण निबंध लिहून घेऊ नका. रोज एक प्रश्न द्या आणि 10 मिनिटांत फक्त थीसिस व तीन पुरावे लिहायला सांगा. प्रत्येक पुराव्याखाली 'यावरून काय सिद्ध होतं?' याचं एका वाक्यात उत्तर हवंच. गुण बहुधा या वाक्याअभावी जातात. कायद्याचं नाव येतं, वर्ष येतं आणि परिच्छेद तिथेच संपतो.

प्रश्न : दस्तऐवजांवरच्या निबंधात मुलगा सगळे सात कागद वापरतो, तरी 'विश्लेषण अपुरं' असा शेरा येतो. असं का?

उत्तर : बहुतेक तो एकेका कागदाचा सारांश लिहीत असणार. 'पहिला दस्तऐवज सांगतो, दुसरा दस्तऐवज सांगतो' ही रचना मोडा. एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेतच शिकवला जाणारा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम) परीक्षेत या निबंधाला 60 मिनिटं असतात. त्यातली 15 वाचनासाठी सुचवलेली असतात, आणि ऑनर्सचे बरेच शिक्षक हाच साचा वापरतात. त्या 15 मिनिटांत नुसत्या ओळी अधोरेखित करून भागत नाही. समासात प्रत्येक कागदापुढे तो दाव्याच्या बाजूचा की विरोधातला याची खूण करायची आणि कागदांचे दोन-तीन गट पाडायचे. परिच्छेद गटाचा असतो, कागदाचा नव्हे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. कागद कोणी, कोणासाठी, कधी आणि कशासाठी लिहिला हे मुलं नोंदवतात, पण त्याचा उपयोग करत नाहीत. रूझवेल्ट यांचं 12 मार्च 1933 चं रेडिओ भाषण पाहा. 6 मार्चपासून देशभरातल्या बँका बंद होत्या आणि 13 तारखेपासून त्या टप्प्याटप्प्याने उघडायच्या होत्या. ऐकणारे होते घाबरलेले ठेवीदार. पैसे गादीखाली ठेवण्यापेक्षा पुन्हा उघडलेल्या बँकेत अधिक सुरक्षित आहेत, हे त्यांना पटवणं हा हेतू होता. म्हणजे बँका खरोखरच मजबूत होत्या याचा पुरावा म्हणून हे भाषण तोकडं पडतं. ठेवीदारांची झुंबड पुन्हा उडेल ही सरकारची भीती मात्र त्यातून भक्कमपणे दाखवता येते. एवढं दोन वाक्यांत लिहिलं की विश्लेषण झालं. सातही कागदांवर असं लिहायची गरज नाही. एपीच्या सध्याच्या निकषांनुसार दोन कागदांवर नीट केलं तरी तो गुण मिळतो. सरावाला मूळ कागद नॅशनल आर्काइव्ह्ज आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत.

प्रश्न : आम्ही नागपूरहून टेक्सासला आलो. मुलीला थेट आधुनिक अमेरिकी इतिहासाच्या ऑनर्स वर्गात घातलंय. अभ्यासक्रम 1877 पासून सुरू होतो. आधीचं किती वाचावं?

उत्तर : सगळं वाचायला बसू नका, वेळ पुरणार नाही. राज्यघटनेतली सत्तेची विभागणी आणि राज्यांचे अधिकार, तसंच गुलामगिरी संपवणारी 13वी (1865), नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी 14वी (1868) आणि वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी घालणारी 15वी (1870) घटनादुरुस्ती पक्की करा. 14वी तर पुढे पुन्हा पुन्हा भेटते. 1896 चा प्लेसी खटला (वंशानुसार वेगळे रेल्वेडबे वैध ठरले) आणि 1954 चा ब्राऊन खटला (वंशानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या) हे दोन्ही तिच्याच अर्थावर लढले गेले. यादवी युद्धाच्या लढाया सोडल्या तरी चालतील.

भारतातून आलेल्या मुलांचे दोन गोंधळ हमखास होतात. महायुद्धं 1914 आणि 1939 ला सुरू झाली हे डोक्यात पक्कं असतं. अमेरिका त्यांत उतरली एप्रिल 1917 आणि डिसेंबर 1941 मध्ये. मधल्या तटस्थतेच्या काळावर स्वतंत्र प्रश्न येतात. दुसरा गोंधळ पक्षांचा. आजचे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन डोळ्यांपुढे ठेवून 1920 चं दशक वाचलं तर काहीच जुळत नाही, कारण वंशभेदाचे कायदे टिकवणारे दक्षिणेतले पुढारी तेव्हा डेमोक्रॅट होते.

प्रश्न : ऑनर्स आणि एपी यांत नेमका फरक काय?

उत्तर : एपीला मे महिन्यात कॉलेज बोर्डाची देशव्यापी परीक्षा असते आणि 1 ते 5 गुणांक मिळतो, त्यावर काही महाविद्यालयं श्रेयांक देतात. ऑनर्सचा दर्जा आणि जीपीएमधलं (सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी) वजन शाळा ठरवते, ते समुपदेशकाला विचारा.

प्रश्न : मुलाला आठ पानांचा संशोधन निबंध लिहायचा आहे. 'अमेरिकेतले भारतीय' हा विषय चालेल का?

उत्तर : आठ पानांना तो फार मोठा आहे. एकच खटला घ्या : भारतातून आलेले भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वासाठीचा, 1923 चा. तेव्हा नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. नोव्हेंबर 1922 मध्ये जपानी अर्जदार ओझावा यांना नाकारताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सदरलँड म्हणाले की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड यांनी हाच धागा पकडला, कारण तेव्हाच्या शास्त्रीय वर्गीकरणात उत्तर भारतीय कॉकेशियन गणले जात. तीनच महिन्यांनी त्याच न्यायमूर्तींनी शास्त्रीय वर्गीकरण बाजूला सारलं आणि सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानून थिंड यांनाही नाकारलं. दोन्ही निकाल लहान आहेत, शेजारी ठेवून वाचता येतात. त्यांतली विसंगती हाच निबंधाचा गाभा होऊ शकतो.

थिंड यांना निव्वळ बळी म्हणून रंगवू नये. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या या माणसाने न्यायालयात आपल्या उच्चवर्णीय आर्य वंशाचा दाखला दिला होता. हे झाकून लिहिलेला निबंध लंगडा राहील. परिणाम दाखवायला निकालानंतर भारतीयांची रद्द झालेली नागरिकत्वं घ्या आणि शेवट 1946 च्या लूस-सेलर कायद्यावर आणा. त्याने भारतीयांना नागरिकत्व खुलं केलं, पण वर्षाला फक्त 100 जणांना प्रवेश ठेवला. साधनं फिलाडेल्फियाच्या साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हमध्ये मिळतील.

महाराष्ट्राशी जोडलेला विषयच हवा असेल, तर 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पाठवलेलं पत्र घ्यावं. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने झालेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्यात मागितली होती. पत्र लहान आहे आणि ड्यू बॉइस यांच्या उत्तरासह मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील संग्रहात आहे.