ध्यानवर्ग रिकामा का राहतो?

प्रश्न : मी एका सल्लागार कंपनीत चाळीस जणांच्या विभागाची प्रमुख आहे. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी आमच्याकडे गेल्या वर्षी साप्ताहिक ध्यानवर्ग, ताणतणावावरची व्याख्याने आणि गोपनीय समुपदेशन सुरू झाले. आता वर्गाला दोन-तीन जण येतात आणि समुपदेशकाकडे जवळजवळ कोणी फिरकत नाही. आजारपणाच्या रजा मात्र वाढल्या आहेत आणि दोन अनुभवी सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आहेत. वरिष्ठांच्या मते लोकांनाच स्वतःची काळजी घ्यायची नाही. माझ्या हातात काय आहे?

उत्तर : वरिष्ठांचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. ज्याला सहा वाजता अहवाल द्यायचा आहे, तो पाचच्या ध्यानवर्गात बसलाच तरी डोळे मिटून अहवालाचाच विचार करणार. आणि ज्या संस्थेने ती मुदत ठरवली तिनेच हा वर्गही ठेवला आहे, हे त्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील 233 संस्थांतल्या 46 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध केला. ताण हाताळण्याचे प्रशिक्षण, ध्यान, स्वास्थ्याची अ‍ॅप्स अशा उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. एकाच वेळी घेतलेल्या पाहणीला मर्यादा असतात हे मान्य करूनही, असे उपक्रम पुरेसे आहेत असे समजणाऱ्यांनी त्याची दखल घ्यायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी ती अवस्था आहे, आणि पार गळून जाणे, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे ही तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. म्हणजे कारणाचा शोध कामाच्या रचनेतही घ्यावा लागतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडले की, कामाची मागणी मोठी आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा थोडी, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक घातक ठरतो. ब्रिटिश सरकारी नोकरांवरील व्हाइटहॉल अभ्यासांतही आपल्या कामावर कमी नियंत्रण असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही ओझरती सांगितली आहे : दोघे सोडून गेले. त्यांचे काम कुठे गेले? बहुतेक कार्यालयांत अशा वेळी काही ठरवले जात नाही. काम आपोआप सर्वांत भरवशाच्या माणसांकडे सरकते, ‘तात्पुरते’ म्हणून आलेले तिथेच मुक्काम करते, आणि काही महिन्यांनी त्याच भरवशाच्या माणसांपैकी कोणाचा तरी राजीनामा टेबलावर येतो. म्हणून पहिले पाऊल असे की, त्या दोघांच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे ते कोणी करायचे, कधीपर्यंत पुढे ढकलायचे की बंदच करायचे, हे नाव घालून लिहावे. ‘बंद’ या रकान्यात एकही काम आले नाही, तर ती यादी पुन्हा करावी. ग्राहकाला कळवावे लागले तर ते तुम्ही कळवायचे, तुमच्या हाताखालच्या माणसाने नव्हे. नवी माणसे येईपर्यंत हे ओझे वरिष्ठांनाही दिसले पाहिजे, आणि कोणते काम थांबले आहे हे लिहून दिल्यावर ते न दिसण्याची शक्यता कमी होते.

त्यानंतर विभागातल्या प्रत्येकाशी वेगळे बोलावे. ‘बरे चालले आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. गेल्या महिन्यात कोणते काम दोनदा करावे लागले, कोणत्या मंजुरीसाठी ताटकळावे लागले, कोणती बैठक नसती तरी चालले असते, असे विचारले तर माणसे मोकळेपणाने बोलतात, कारण त्यात स्वतःच्या दुर्बलतेची कबुली द्यावी लागत नाही. ऐकलेल्यांपैकी एक-दोन अडचणी लगेच दूर कराव्यात. रात्री उशिरा निरोप पाठवण्याची सवय तुम्हाला असेल, तर ‘सकाळी पाहिले तरी चालेल’ असे खाली लिहून भागत नाही. निरोपच सकाळी पाठवावा.

समुपदेशन बंद करू नका. तिथे कोणी जात नाही याचे एक कारण बहुधा धास्तीचे असते : नाव वरपर्यंत गेले तर बढतीच्या वेळी ते आठवेल. समुपदेशकाकडून कंपनीला नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे लेखी आणि स्पष्ट सांगावे, आणि कामाच्या वेळेत तिथे जाण्याची मुभा असावी.

प्रश्न : माझ्या टीममधला एक शांत, काटेकोर सहकारी अलीकडे चुका करतो, बैठकीत गप्प असतो आणि जेवायलाही एकटाच बसतो. विचारले तर खासगी आयुष्यात ढवळाढवळ होईल अशी भीती वाटते. न विचारणेही बरे वाटत नाही.

उत्तर : विचारावे, पण निदान करू नये. ‘तुम्हाला नैराश्य आले आहे का?’ हा डॉक्टरांचा प्रश्न आहे. एकांतात, दोघांनाही घाई नसताना, जे दिसले तेवढेच सांगावे : ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही फारसे बोलत नाही असे जाणवले. कामात काही बदलायला हवे आहे का?’ सांगायचे की नाही हे त्यांच्यावर सोडावे आणि ‘काही नाही’ असे उत्तर आले तर काही दिवसांनी पुन्हा विचारण्याची वाट मोकळी ठेवावी. त्यांनी काही सांगितलेच, तर ते कोणाला कळवावे लागेल हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवावे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण जिवाला धोका असल्याचे लक्षात आले तर ते मोडावेच लागेल. तसे काही सूचित झाले, तर आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. अशा वेळी त्यांना एकटे सोडू नये आणि तातडीची वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

चुकांचा विषय निराळ्या बैठकीत घ्यावा. चौकशी आणि कानउघाडणी एकत्र झाली, की चौकशीवरचा विश्वास जातो.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी ‘निनावी’ स्वास्थ्य-पाहणी होते. आमचा गट चार जणांचा आहे. खरे लिहावे का?

उत्तर : चार जणांच्या गटाचे निकाल स्वतंत्रपणे दाखवले जाणार असतील, तर निनावीपणा नावापुरताच उरतो. किती जणांहून लहान गटाचे निकाल वेगळे दाखवले जात नाहीत, हे पाहणीपूर्वी लेखी विचारा. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत मोकळ्या रकान्यात तुम्हाला ओळखता येईल असा प्रसंग लिहू नका. मागच्या वर्षीच्या पाहणीनंतर काय बदलले, हेही त्याच पत्रात विचारायला हरकत नाही.