सूट शिवायचाय, पण टेलर कोण?

प्रश्न: नमस्कार काका, डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. रिसेप्शनला नेव्ही ब्लू टू-पीस शिवून घ्यायचाय. रेडीमेडमध्ये माझं जमतच नाही, छातीला बसला तर पोटावर बटण लागत नाही आणि पोटाला झाला तर खांदे लोंबतात. गेल्या वर्षी एका दुकानात ब्लेझर शिवला होता, दोनदा ड्रायक्लीन केला तर छातीवर फुगे आले. त्यामुळे आता भीतीच बसलीये. सगळे म्हणतात बिस्पोक कर, पण हल्ली प्रत्येक बोर्डावर तेच लिहिलेलं असतं. नक्की काय बघून टेलर निवडू? आणि कधी टाकू शिवायला? — एक वाचक, चिंचवड

उत्तर: अभिनंदन! आधी फुग्यांचं सांगतो कारण बाकीचं त्यातूनच कळतं. कोटाच्या पुढच्या भागात वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये अजून एक थर असतो, कोटाला उभारी येते ती त्याने. पटकन आणि स्वस्तात करायचं तर हा थर गोंदवाला घेतात आणि गरम प्रेसखाली चिकटवतात, आपल्याकडचे टेलर त्याला पेस्टिंग म्हणतात. ते नीट चिकटलं नसेल किंवा ड्रायक्लीनला गोंद सुटला की कापड एकीकडे आणि पेस्टिंग एकीकडे, झाले फुगे. इस्त्री मारून बसवून देतो म्हणणारे भेटतील, ते चार दिवस टिकतं. जुनी पद्धत कॅनव्हासची. त्यात घोड्याचे केस घालून विणलेलं कापड असतं आणि ते चिकटवत नाहीत, हाताने टाके घालून आत धरतात, त्यामुळे वापरत जाल तसा कोट अंगाला वळण घेतो. पण ते हातकाम आहे, वेळ खातं आणि शिलाई बरीच वाढते. मधला मार्ग म्हणजे हाफ कॅनव्हास, छाती आणि लेपलला (कॉलरखालची छातीवर दुमडलेली पट्टी) कॅनव्हास, खाली पेस्टिंग. तुम्हाला मी हाच सांगेन.

आता गंमत अशी की विचारलं तर प्रत्येकजण "हो हो, कॅनव्हासच आहे" म्हणतो. म्हणून दुकानात लटकवलेला एखादा तयार कोट मागून घ्या, छातीजवळ वरचं कापड आणि आतली बाजू दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच वेगळं करून बघा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना लागला तर कॅनव्हास, सगळं मिळून पुठ्ठ्यासारखं एकच हाताला आलं तर पेस्टिंग. पेस्टिंग म्हणजे फसवणूक असं नाही हं, चांगल्या पेस्टिंगचे कोट वर्षानुवर्षं चालतात, पण पैसे कॅनव्हासचे आणि माल पेस्टिंगचा असं नको.

बिस्पोक म्हणजे फक्त तुमच्यासाठी वेगळा फर्मा, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना, काढून शिवलेला सूट. बोर्डावर ते लिहिलंय का ते सोडून द्या, विचारायचं एवढंच की माझ्यासाठी फर्मा वेगळा कापणार का आणि कच्ची ट्रायल देणार का. बऱ्याच ठिकाणी असतो तो मेड-टू-मेझर, म्हणजे फर्मा तयार असतो, तुमच्या मापाने कंबर इंचभर कमी, बाही अर्धा इंच जास्त असं करून वर्कशॉपमधून शिवून येतो. सरळ बांध्याच्या माणसाला तो छान बसतो, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तुमची जी छाती-पोटाची तक्रार आहे ना, ती तयार फर्म्यात फिरवाफिरवी करून नीट सुटत नाही.

आणि माझ्या मते टेलर निवडायचा म्हणजे खरं तर मास्तर निवडायचा, दुकान नाही. मोठ्या चकचकीत दुकानात माप काउंटरवरचा मुलगा घेतो, कापड जातं भलत्याच गल्लीतल्या वर्कशॉपला, आणि ज्याने कापलं त्याने तुम्हाला कधी बघितलेलंच नसतं! त्याच्यापुढे नुसते आकडे. म्हणून आधी विचारा की कापणार कोण, आणि माप त्यालाच घेऊ द्या. तो माप कसं घेतो ते नीट बघा. चांगला मास्तर टेप काढायच्या आधी तुम्हाला पुढून, बाजूने, मागून बघतो. तुम्ही पोट आत ओढून ताठ उभे राहिलात तर "साहेब, रोज उभे राहता तसे राहा" म्हणतो. नुसती छाती ४०, कंबर ३८ लिहून थांबत नाही, उजवा खांदा खाली, पाठीला किंचित बाक, पोट पुढे असं काहीतरी वहीत बाजूला लिहितो आणि कापडाचा तुकडा तिथेच टाचतो. बहुतेकांचा एक खांदा थोडा खाली असतोच, तो ज्याला दिसला नाही त्याचा कोट त्या बाजूला चुणी पाडणार, मग तो कितीही फेमस असो. दोन मिनिटांत सतरा मापं घेऊन "मंगळवारी या" म्हणणाऱ्याकडून सरळ निघा.

कच्ची ट्रायल म्हणजे पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर उभा केलेला कोट, खिसे नाहीत, काजं नाहीत, बाही नुसती टाचलेली. ती घालून तुम्ही उभे राहता आणि मास्तर अंगावरच उसवतो, टाचण्या लावतो, खडूने खुणा करतो. काहीजण सगळा कोट पूर्ण करून मग ट्रायलला बोलावतात. त्याला ट्रायल म्हणू नका, तेव्हा मुंढा, म्हणजे बाही बसते ते भोक, मोठा कापला गेला असेल तर तो लहान होत नाही, कापड जोडणार कुठून? ट्रायलला जाताना रिसेप्शनला घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा, चपलेवर पँटची उंची ठरवू नका. आणि कुणालातरी सोबत न्या जो मागून फोटो काढेल, आरशात पाठ दिसत नाही.

बघायचं काय तर पहिला खांदा, शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, पुढे लोंबायला नको आणि बाहीच्या वरच्या टोकाला खळगा नको. मानेमागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी, तिथे बोट जाईल एवढी फट पडली तर कोट पाठीत चुकलाय. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या ताणल्या गेल्या तर घट्ट आहे, तुमच्या बाबतीत हे आधी बघा. हात वर करा, पूर्ण कोट वर चढत असेल तर मुंढा खोल कापलाय, आपल्याकडे "मोकळं हवं" म्हणून मुंढे खोल कापायची सवय आहे आणि त्यानेच कोट उलट अडकतो. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसू दे. खांदा आणि मुंढा बरोबर असेल तर बाकीचं पुढेमागे करता येतं, कंबर, बाहीची उंची, पँट सगळं. बाहीवर खरी उघडणारी काजं हवी असतील तर ती मात्र उंची पक्की झाल्यावरच पाडायला सांगा, एकदा पाडली की बाही खालून कमी करायचे वांधे होतात.

आता वेळ. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, त्याआधी दिवाळीचे कपडे, म्हणजे नवरात्रापासून कुठल्याही बऱ्या टेलरकडे नुसती झुंबड. त्यामुळे पितृपक्षात जा. त्या पंधरवड्यात लोक नवीन काही घेत नाहीत, दुकान रिकामं असतं, मास्तर निवांत बोलतो आणि कापतोही निवांत. घरात कुणी नाक मुरडलंच तर कापड गणपतीतच घेऊन ठेवा, पितृपक्षात नुसतं माप द्यायला जायला कुणाची ना नसते. आधी फक्त पँट शिवायला द्या, सूटचीच नाही, दुसरी कुठलीतरी साधी. पँटमध्ये सीट आणि मांडी ज्याला जमली आणि ज्याने सांगितलेल्या तारखेला दिली, त्याला कोट द्यायचा. नसेल जमली तर एका पँटवर भागलं, आणि हातात अजून वेळ आहे.

शेवटची ट्रायल मात्र केळवणं उरकल्यावर ठेवा! नोव्हेंबरभर मावशी, आत्या, काका सगळीकडे श्रीखंड-पुरी आणि जिलबी झाल्यावर सप्टेंबरची कंबर राहत नाही. पँटच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या बाजूच्या शिवणींत भरपूर दाब, म्हणजे पुढे सैल करता येईल असं जास्तीचं कापड, सोडायला आधीच सांगून ठेवा, चांगले मास्तर न सांगताही सोडतात.

प्रश्न: कापडाच्या दुकानात सुपर १००, सुपर १२०, सुपर १५० असं दाखवतात आणि आकडा वाढला की भाव वाढतो. जास्त आकडा म्हणजे जास्त टिकाऊ का? टेलरने सव्वातीन मीटर आणायला सांगितलंय, ते जास्त नाही ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर: टिकाऊ नाही हो, उलट. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, १२० ला १७.७५ आणि १५० ला १६.२५. बारीक तंतू, मऊ कापड, झळाळी छान, पण घासलं की लवकर विरतं आणि चुण्याही लवकर पडतात. ऑफिसला वरचेवर घालणार असाल तर १००-११० च्या वर जायची गरज नाही. त्यापेक्षा वजन विचारा, ते कुणी विचारतच नाही. आपल्या हवेला मीटरला २४० ते २८० ग्रॅम बरं, त्याहून फारच हलकं घेतलं तर पँटची क्रीज टिकत नाही. आणि कापडाच्या काठावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, बिलावर लोकर किती टक्के आणि पॉलिस्टर किती हे लिहून घ्या. टेरीवूल, म्हणजे लोकर-पॉलिस्टर मिश्रण, वाईट नाही, चुण्या कमी पडतात, पण उकडतं. टीआर, म्हणजे पॉलिस्टर-रेयॉनचं कापड, लोकरीच्या भावात कुणी गळ्यात मारत नाही ना एवढं बघा. अस्तरही विचारा, पॉलिस्टरच्या अस्तरात घाम नुसता आत राहतो, व्हिस्कोसचं घ्या आणि पाठीला अर्धंच लावायला सांगा.

सव्वातीन मीटर बरोबर आहे, पन्ना ५८ इंची असेल तर टू-पीसला तीन ते सव्वातीन लागतंच, वेस्टकोट असेल तर आणखी अर्धा-पाऊण मीटर. चेक्स असतील तर थोडं जास्तच घ्या, खिशावर आणि शिवणीवर चौकटी जुळवायला कापड वाया जातं. आणि उरलेला तुकडा मागून घ्या!

प्रश्न: मुलगा लंडनला असतो, म्हणतो बाबा तुमच्या साठीला सॅव्हिल रोवर सूट शिवू. खरंच एवढा फरक असतो का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मुलगा म्हणतोय तर हात कशाला आखडता घ्यायचा! सॅव्हिल रो ही लंडनमधली टेलरांची गल्ली, हेन्री पूल हे शिवणकामाचं दुकान १८४६ साली तिथे आलं, तेव्हापासून ती शिवणकामाची पंढरी. तिथे कापणारा वेगळा, कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा असतो, आणि तिथल्या दुकानांच्या संघटनेच्या नियमाने एका सूटला किमान ५० तासांचं हातकाम लागतं. नावाजलेल्या दुकानांत टू-पीसच पाच हजार पाउंडांच्या पुढे जातो, ते रुपयांत करून बघा म्हणजे झोप उडेल. पण शब्दावर तिथेही जाऊ नका, २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने असा निर्णय दिलाय की मशीनवर शिवलेल्या सूटलाही बिस्पोक म्हणून जाहिरात करायला हरकत नाही. त्याच गल्लीत मेड-टू-मेझरही मिळतो, मुलाला नीट विचारून घ्यायला सांगा. अडचण वेगळीच आहे, ट्रायली दोन-तीन होतात आणि मध्ये आठवडेच्या आठवडे जातात, तुम्ही पंधरा दिवसांसाठी जाणार असाल तर जमणार नाही. राहणार असाल तर पहिल्या आठवड्यातच माप द्या, आणि कापड हलकं मागा, नाहीतर त्यांच्या थंडीचं जाड कापड घेऊन याल आणि डोंबिवलीत ते कपाटातच राहील.

प्रश्न: वडिलांचा जुना डबल ब्रेस्टेड सूट आहे, कापड अजून छान आहे. मला ढिला होतो. लहान करून घेऊ का? — एक वाचक, मडगाव

उत्तर: आधी घालून खांदा बघा. खांदा तुम्हाला बरोबर बसत असेल तर जरूर करा, बाजू, बाही, पँट सगळं होईल. खांदा अर्ध्या इंचाहून जास्त बाहेर जात असेल तर कोटाच्या नादी लागू नका, बाही सोडवून, पॅड काढून सगळं परत बसवायला मास्तर नवीन कोटाच्या जवळपास पैसे घेईल आणि तरी खिसे बाजूला सरकलेले दिसतील. पँट मात्र करून घ्या. आणि टेलरकडे न्यायच्या आधी कोट उजेडात धरा, बारीक भोकं दिसली तर ती कसरीची असतील, मग आधी रफूवाला गाठा.